मोटारगाडी, जुनी कौटुंबिक : विश्वासार्हता व निगा

चार-पाच माणसांच्या बैठकीची आणि मागील बाजूस सामानासाठी स्वतंत्र कप्पा असलेली बंदिस्त मोटारगाडी सेडान या नावाने ओळखली जाते. अशी गाडी दहा-पंधरा वर्षे वा त्याहून अधिक काळ वापरल्यावर तिच्याकडून अपेक्षित असलेले काम ती बिघाडाशिवाय किती खात्रीने करील, याचा विचार दीर्घकालीन विश्वासार्हता या संज्ञेखाली करतात. ही विश्वासार्हता टिकविण्यासाठी ठराविक काळाने केलेली तपासणी, वंगण, भागांची बदली व दुरुस्ती या सर्वांना मिळून निगा असे म्हणतात. गाडीचे वय सामान्यतः वर्षांत किंवा कापलेल्या किलोमीटरांत मोजले जाते. तथापि ही दोन्ही मापे अपुरी आहेत. गाडीतील प्रत्येक भागाचे वय वेगळे असते व ते ज्या हवामानात, रस्त्यावर आणि ज्या हातांखाली ती गाडी राहिली त्यांवर अवलंबून असते. नागपूरसारख्या उष्ण, समुद्रापासून दूरच्या शहरातील गाडी आणि मुंबईच्या खाऱ्या हवेतील त्याच वर्षीची गाडी या एकाच वयाच्या नसतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः नागपूरची परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून या विषयाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : भारतात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या कौटुंबिक गाड्यांत दोन प्रमुख होत. हिंदुस्थान मोटर्स या कंपनीची अँबॅसडर ही गाडी ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवर आधारलेली होती, उत्तरपाडा (प. बंगाल) येथील तिचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला (मुंबई) येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी तयार होऊ लागली. १,०८९ घ. सेंमी. क्षमतेच्या चार सिलिंडरी एंजिनाची हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघर परिचित झाली. मुंबईतील टॅक्सींसाठी असलेल्या २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे या जातीची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली.

या गाड्या टिकल्या त्या त्यांच्यात बिघाड होत नव्हता म्हणून नव्हे. कार्ब्युरेटर तुंबणे, ठिणगीचे स्पर्शबिंदू जळणे, एंजिन तापणे या तक्रारी त्यांच्या बाबतीत नित्याच्या होत्या. परंतु बिघाड डोळ्यांना दिसत असे, तो साध्या हत्यारांनी दूर करता येई आणि सुटे भाग लहान गावांतही मिळत. म्हणजे त्यांच्या अंगी विश्वासार्हतेपेक्षा दुरुस्तीसुलभता अधिक होती. १९९८ मध्ये आलेली होंडा सिटी व त्यानंतरच्या गाड्यांत इंधन अंतःक्षेपण व इलेक्ट्रॉनीय नियंत्रण आले. त्यांत बिघाड क्वचित होतो, पण झाल्यास तो शोधण्यास विशेष उपकरण व नेमका सुटा भाग लागतो. जुनी गाडी बाळगणाऱ्याने आपली गाडी या दोहोंपैकी कोणत्या प्रकारची आहे हे प्रथम ओळखणे आवश्यक असते. कारण दोहोंच्या निगेची रीत भिन्न आहे.

विश्वासार्हतेचे गणित : एखादे यंत्र चालण्यासाठी त्यातील सर्व घटक एकाच वेळी चालणे आवश्यक असल्यास संपूर्ण यंत्राची विश्वासार्हता ही घटकांच्या विश्वासार्हतांच्या गुणाकाराइतकी असते. एखाद्या प्रवासात बिघाड न होण्याची प्रत्येक घटकाची संभाव्यता ०·९९९ असेल व असे १०० घटक असतील, तर संपूर्ण गाडीची विश्वासार्हता सु. ०·९०५ येते. हीच संभाव्यता प्रत्येक घटकाच्या बाबतीत ०·९९ इतकी उतरली, तर गाडीची विश्वासार्हता सु. ०·३६६ वर येते. म्हणजे शंभरांपैकी केवळ ३७ प्रवास निर्विघ्न पार पडतील. घटकांची किंचित झीज एकत्रितपणे केवढी मोठी होते, हे यावरून दिसते. ‘गाडीत मोठा असा काही दोष नाही’ हे मालकाचे समाधान म्हणूनच फसवे ठरू शकते.

बिघाडाचे प्रमाण काळानुसार बदलते. आरंभी सदोष जोडणीमुळे ते अधिक असते, मग दीर्घकाळ ते कमी व जवळजवळ स्थिर राहते आणि अखेरीस झिजेमुळे पुन्हा चढते. याचा आलेख न्हाणीच्या टबाच्या छेदासारखा दिसतो. स्वीडिश अभियंते वालोदी वायबुल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातील सांख्यिकीय वितरण अशा अभ्यासासाठी सर्वत्र वापरले जाते. यातून एक व्यावहारिक नियम निघतो : जे भाग झिजतात वा जुने होऊन कमकुवत होतात (पट्टे, रबरी नळ्या, ब्रेकचे अस्तर, टायर, घटमाला) ते मोडण्याआधीच बदलणे फायद्याचे असते, जे भाग यादृच्छिकपणे बिघडतात (उदा., बहुतेक इलेक्ट्रॉनीय घटक) ते चालू स्थितीत असताना बदलल्याने विश्वासार्हता वाढत नाही. उलट नव्या भागातील वा जोडणीतील आरंभीचा दोष पदरी पडण्याचा संभव असतो.

हवामानाचा परिणाम : नागपूर येथे मे महिन्यात दुपारचे तापमान वारंवार ४३° ते ४५° से.पर्यंत जाते, २३ मे २०१३ रोजी ते ४७·९° से. इतके नोंदले गेले. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आतील तापमान याहून बरेच अधिक असते. रासायनिक विक्रियांचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो याचा नियम स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांटे आऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडला. त्यावर आधारलेल्या ढोबळ अनुमानानुसार दर १०° से. वाढीस अनेक विक्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. रबर कडक होऊन त्यास भेगा पडणे, वंगण तेलाचे ऑक्सिडीकरण, घटमालेतील पट्टिकांचे संक्षारण व प्लॅस्टिक ठिसूळ होणे या साऱ्या रासायनिक क्रियाच आहेत. म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेतील कालमर्यादा या शहरात वरची मर्यादा समजाव्यात. याउलट, कोकण किनाऱ्यावर गाडीचे पत्रे ज्या वेगाने गंजतात तो वेग येथे आढळत नाही. थोडक्यात, किनाऱ्यावरील गाडी पत्र्याने म्हातारी होते, तर नागपूरची गाडी रबराने व द्रवांनी म्हातारी होते.

शीतलन यंत्रणा : नागपुरात कडाक्याच्या थंडीतही रेडिएटरमधील पाणी गोठत नाही, त्यामुळे शीतलक द्रवाऐवजी साधे पाणी भरण्याची सवय अनेक मालकांना असते. एथिलीन ग्लायकॉलयुक्त शीतलकाचे काम केवळ गोठण रोखण्याचे नसते. त्यामुळे उकळबिंदू वाढतो व त्यातील संक्षारणरोधक द्रव्यांमुळे ॲल्युमिनियम, ओतीव लोखंड व पितळ यांचे रक्षण होते. विंधन विहिरीच्या जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचून उष्णतेच्या वहनास अडथळा करतात. ऊर्ध्वपातित पाण्यात योग्य प्रमाणात मिसळलेले शीतलक वापरणे व ते पुस्तिकेतील मुदतीनुसार बदलणे हा यावरील उपाय होय.

एंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा प्रघातही आढळतो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असल्यास नवा बसवावा. तो पूर्णपणे काढल्यास हिवाळ्यात एंजिन योग्य तापमानास उशिरा पोहोचते, इंधन अधिक लागते आणि सिलिंडरांची झीज वाढते. रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग सैल झाल्यास यंत्रणेतील दाब टिकत नाही व शीतलक कमी तापमानास उकळू लागतो. त्यामुळे हा स्वस्त भाग प्रथम तपासणे श्रेयस्कर. तापमापकाचा काटा लाल खुणेकडे गेल्यास गाडी तत्काळ थांबवून एंजिन बंद करावे व ते निवेपर्यंत झाकण उघडू नये. तापलेले एंजिन ‘घरापर्यंत’ चालविल्यास सिलिंडर-शीर्ष वाकडे होते आणि काहीशे रुपयांच्या नळीची दुरुस्ती एंजिन उघडण्याच्या खर्चावर जाते.

वंगण व कालबद्ध पट्टा : शहरातील आखूड फेऱ्यांत तेल पुरेसे तापत नाही व त्यात इंधन आणि पाण्याचा अंश साचतो, त्यामुळे कमी चाललेल्या गाडीचे तेलही वर्षातून एकदा बदलणे इष्ट असते [⟶ वंगणक्रिया]. तेलाची पातळी महिन्यातून एकदा, गाडी सपाट जागी उभी करून, एंजिन थंड असताना पाहावी. काही एंजिनांत झडपांच्या हालचालीचा मेळ दंतुर रबरी पट्ट्याने राखलेला असतो. हा पट्टा सामान्यतः ६०,००० ते १,००,००० किमी.नंतर किंवा उत्पादकाने सांगितलेल्या वर्षांनंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलतात. तो तुटण्यापूर्वी बहुधा कोणतीही सूचना मिळत नाही आणि अनेक एंजिनांत तो तुटताच दट्ट्या झडपांवर आदळतो. जुनी गाडी विकत घेताना या पट्ट्याची बदली केव्हा झाली याची लेखी नोंद नसेल, तर ती झालेली नाही असेच मानावे.

घटमाला : शिसे-अम्ल घटमालेचे, म्हणजे प्रचारातील बॅटरीचे, नुकसान उन्हाळ्यात होते; परंतु ते उघडकीस येते हिवाळ्यात. मे महिन्यातील उष्णतेने पाणी उडते व पट्टिका क्षीण होतात. डिसेंबर-जानेवारीतील पहाटेच्या थंडीत मात्र एंजिन फिरविण्यास अधिक विद्युत् प्रवाह लागतो आणि क्षीण घटमाला तो देऊ शकत नाही. १२ व्होल्ट घटमालेचा विद्युत् दाब, गाडी काही तास उभी राहिल्यावर, सु. १२·६ व्होल्ट भरावा. एंजिन चालू असताना तो सामान्यतः १३·८ ते १४·५ व्होल्टच्या दरम्यान असावा. या मापनाने दोष घटमालेत आहे की जनित्रात, हे कळते. केवळ घटमाला बदलत राहिल्याने जनित्राचा दोष झाकला जातो.

टायर : टायरचे वय त्याच्या बाजूवर छापलेले असते. चार अंकी खुणेतील पहिले दोन अंक आठवडा व पुढील दोन वर्ष दर्शवितात, उदा., २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. कमी वापराच्या गाडीच्या टायरवरील नक्षी खोल दिसते, परंतु आतील रबर जुने झालेले असते. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी तज्ञाकडून तपासणी करावी व दहा वर्षांनंतर, नक्षी शिल्लक असली तरी, टायर वापरू नये. हा मुद्दा नागपूरकरांच्या दृष्टीने अलीकडे अधिक महत्त्वाचा झाला आहे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला व जून २०२५ मध्ये ७०१ किमी. लांबीचा हा मार्ग पूर्ण झाला. मोटारींना ताशी १२० किमी.पर्यंत परवानगी असलेल्या या काँक्रीटच्या मार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने जाताना टायर जितका तापतो तितका शहरातील थांबत्या-चालत्या रहदारीत कधीही तापत नाही. टायर फुटण्यास हवा जास्त असणे कारणीभूत होते असा समज आहे. वस्तुतः हवा कमी असलेला टायर अधिक दबतो, प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि आतून तापून विदीर्ण होतो. म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवण्याची प्रथा धोकादायक आहे. हवेचा दाब टायर थंड असताना, गाडीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवावा. शहरात वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली गाडी दूरच्या लग्नकार्यासाठी भर मे महिन्यात सहकुटुंब या मार्गावर नेताना तिची कसोटी प्रथमच लागत असते, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

ब्रेक : ब्रेकमधील द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उकळबिंदू किमान २३०° से. असावा लागतो, पाणी शोषलेल्या स्थितीत तो किमान १५५° से. इतका असला तरी मानकात बसतो. उतारावर वा जड रहदारीत ब्रेक तापल्यावर जुन्या द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, पायटा खोल जातो आणि ब्रेक लागत नाही. थंड झाल्यावर तोच ब्रेक पुन्हा लागतो. त्यामुळे दोष सापडत नाही. हा द्रव दोन वर्षांनी पूर्णपणे बदलावा. केवळ पातळी भरून काढणे पुरेसे नाही. किंबहुना पातळी घटणे ही अस्तर झिजल्याची किंवा गळतीची सूचना असते.

इंधन : १ फेब्रुवारी २००० पासून देशात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. त्यापूर्वीच्या काही एंजिनांत शिशाच्या संयुगामुळे झडपांच्या बैठकींचे रक्षण होत असे; अशा एंजिनांत कठीण धातूच्या बैठकी बसविणे हिताचे ठरते. २०२५ पासून २० टक्के एथॅनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर प्रचारात आले. एथॅनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने इंधनाचा खप काहीसा वाढतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, जुन्या काळच्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरमधील गास्केट व पंपाचे पडदे हे या मिश्रणास अनुरूप नसतात. इंधनाच्या नळ्या मिश्रणास अनुरूप अशा प्रतीच्या बसविणे आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवावयाची असल्यास टाकीत पाणी साचू न देणे ही काळजी घ्यावी. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सुरू करू नये. नैसर्गिक वायूचे सिलिंडर बसविलेले असल्यास त्यांची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. या विषयाचे नियमन करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे.

पावसाळा व पूर : चाकांवरील कमानींत साचलेला चिखल व दारांतील तुंबलेल्या निचरा-छिद्रांमुळे पत्रा आतून गंजतो, ही जागा पावसाळ्यानंतर धुऊन मोकळी करणे हे कोरड्या हवामानातही आवश्यक आहे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे झालेल्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून नागपूरच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा अनेक वाहने बुडाली. अशा प्रसंगी गाडी सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. सिलिंडरमध्ये पाणी असल्यास ते हवेप्रमाणे दाबले जात नाही. परिणामी दट्ट्यास जोडलेला दांडा वाकतो व दुरुस्त होण्याजोगी गाडी निकामी होते. प्रथम घटमालेची जोडणी सोडवून गाडी ओढून न्यावी आणि सर्व द्रव तपासून बदलावेत.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ अनुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांपर्यंत वैध असते, त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले आणि एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. पंधरा वर्षे पूर्ण होणे म्हणजे गाडी आपोआप बाद होणे नव्हे. तथापि तपासणीकडे शिक्का मिळविण्याचा उपचार म्हणून न पाहता, गाडीची समग्र परीक्षा करून घेण्याची संधी म्हणून पाहणे हितावह आहे.

नोंदवही व निवृत्ती : निगेचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वही. दिनांक, किलोमीटर, बदललेला भाग व खर्च एवढ्या चार रकान्यांतून कोणता भाग केव्हा संपेल याचा अंदाज बांधता येतो आणि दुरुस्ती करणारा बदलला तरी गाडीचा इतिहास हरवत नाही. आजवर गाडीवर झालेला खर्च परत मिळत नसल्याने ‘एवढा खर्च केला आहे’ हे ती पुढे ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. पुढील दोन-तीन वर्षांत किती खर्च येईल व ती किती खात्रीने चालेल एवढाच विचार करावा.

एंजिन, क्लच, घटमाला यांतील दोष खर्चिक असले तरी बहुधा गाडी थांबवितात, जीव घेत नाहीत. सुकाणू, ब्रेक, टायर आणि निलंबन यंत्रणा जेथे सांगाड्यास जोडलेली असते ते पत्रे, या चार ठिकाणचे दोष मात्र वेगळ्या कोटीतील आहेत. या जागचे पत्रे गंजून कुजले असतील व खात्रीशीर दुरुस्ती शक्य नसेल, तर गाडी निवृत्त करणे हाच योग्य निर्णय होय. निगेची एक अंगभूत मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. उत्तमोत्तम निगा गाडीला तिच्या मूळ स्थितीपर्यंत नेऊ शकते, त्यापुढे नाही. ब्रेक लावताना चाके जखडू न देणारी एबीएस यंत्रणा व चालकासमोरील एअरबॅग नव्या मोटारींना २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत ती नाहीत व नंतर समाधानकारकपणे बसविता येत नाहीत. अशी गाडी सुस्थितीत असली तरी कमी वेगाने, पट्टे बांधून व तिच्या काळाची मर्यादा ओळखून चालविणे, हा तिच्या निगेचाच एक भाग आहे.